नागोठण्याचा भात

आमच्या रोह्याच्या घरी रात्रीचा भात घड्याळ बघून लागत नसे, नागोठणं बघून लागे. संध्याकाळी मी गाडीत बसले की सासूबाईंचा फोन यायचा. "कुठवर आलीस?" मी स्टेशनचं नाव सांगायची. आपटा म्हटलं तर त्या नुसतं "बरं" म्हणायच्या. पेण म्हटलं की तांदूळ धुऊन निथळत ठेवायच्या. आणि नागोठणं म्हटलं की भात टाकायच्या. मग मधलं निडी जायचं, गाडी रोह्यात शिरायची, रिक्षा मिळायची, आणि मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात जाईपर्यंत भातावरचं झाकण निघायचं. वाफ माझ्यासाठीच थांबल्यासारखी. चार वर्षं हा हिशेब चालला.

तो चुकला एकदाच, गेल्या वर्षी गणपतीनंतर. ऑफिसात कामाचा ढीग होता, आदल्या रात्रीचं जागरण होतं. खिडकीला डोकं टेकलं आणि पेण, कासू, नागोठणं कधी गेली ते कळलंच नाही. रोह्याला शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं तेव्हा डबा रिकामा झाला होता. फोनवर सासूबाईंचे सहा कॉल दिसत होते. घरी गेले तर त्या ओट्यापाशी स्टुलावर बसलेल्या, मांडीवर फोन, आणि चाळणीत तांदूळ तसेच. वरचे दाणे सुकून पांढरे पडले होते. त्या रागावल्या नाहीत. "नागोठणं आलंच नाही गं आज," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, हे किती दिवस चालायचं?

माझी नोकरी बेलापूरला. रोहा ते पनवेल पाऊणशे किलोमीटर, मेमूने सुमारे पावणेदोन तास. पनवेलला पूल चढून हार्बरच्या फलाटावर यायचं आणि लोकल धरायची. घरापासून टेबलापर्यंत अडीच तास, परत तेवढेच. पण अंतर नुसत्या धावत्या गाडीचं मोजून भागत नाही. मुंबईत एक लोकल चुकली तर चार मिनिटांत दुसरी येते. आमच्याकडे एक गाडी गेली की पुढची थेट दुसऱ्या प्रहराची. म्हणून रोह्याचा पासवाला अर्धा तास आधीच फलाटावर उभा असतो. साहेबांनी पावणेसहाला एखादी फाईल हातात दिली, तर बाकीच्यांना ती दहा मिनिटांची असते आणि मला दोन तासांची. मेल पुढे काढायची म्हणून आमची गाडी कधी बाजूला टाकतात. मग कासूच्या अंधारात बेडकांचा आवाज ऐकत बसायचं. डब्यात कुणी तक्रार करत नाही. पिशवीतून वाटाणे निघतात, सोलून होतात, गाडी हलते.

आणि तरी मला ही वाट आवडते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपट्याच्या अलीकडून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, कुणी अंगठा वर करून उभं राहावं तसा. मग पाताळगंगेचा पूल. जिते, हमरापूर. हमरापुरात आणि शेजारच्या जोह्यात घरोघरी गणपतीचे कारखाने. पेणच्या मूर्तींना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला त्या मूर्ती वर्षभर माहीत असतात: मार्चमध्ये कोऱ्या पांढऱ्या, ओळीनं उन्हात, जूनमध्ये पितांबराला रंग लागलेला, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. पेणच्या पुढे शेतं. मे महिन्यात राब भाजून काळे झालेले चौकोन, त्याच काळ्यावर महिन्याभरात पोपटी रोपं, जुलैत लावणीच्या वाकलेल्या पाठी, दिवाळीच्या सुमाराला कापणी. भात निघालेल्या त्याच ओलीवर वाल. आणि थंडीत एखाद्या संध्याकाळी खिडकीतून भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास आला की समजायचं, कुठल्या तरी बांधावर वालाच्या शेंगांची पोपटी लागली आहे. नागोठण्याच्या कारखान्याची चिमणीवरची ज्योत रात्री लांबून दिसते. ती दिसली की मी फोन हातात घ्यायची.

ऑफिसात नवीन कुणी आलं की विचारायचं, "रोहा? रोज?" विचारणारा खारघरचा असे नाहीतर नेरूळचा. त्याला पनवेल लांब. पनवेलच्या माणसाला पेण लांब. पेणवाले म्हणणार, आमचं ठीक आहे हो, पण ते रोह्याचे लोक कसं करतात कुणास ठाऊक. आणि मी स्वतः, कोलाड-माणगावहून रोह्याला येऊन ही गाडी धरणाऱ्या एका मुलीकडे बघून नेमकं हेच म्हणत असे. प्रत्येकाला आपल्या पुढचं स्टेशन लांब वाटतं. सोसण्याची हद्द जो तो आपल्या दाराशी आखतो. वाईट एवढंच की ती आपण आखली आहे हे लक्षात राहत नाही. ती मुळातच तिथे होती असं वाटू लागतं.

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञांनी 1994 साली मांडलेला एक विचार मी मध्यंतरी वाचला. माणूस पायी चालत होता तेव्हापासून आजपर्यंत रोजच्या जाण्यायेण्याला तो साधारण एक तासच देत आला आहे. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, गावं पसरतात. पायी माणूस तासाला पाच किलोमीटर जातो, म्हणून जुनी गावं मध्यापासून अर्ध्या तासात संपायची. हे वाचून मला जुनं रोहा आठवलं. बाजारपेठेतून निघावं, धावीर महाराजांच्या देवळाशी जाऊन कुंडलिकेच्या काठाने परत यावं, फिरणं तेवढ्यातच संपतं. गाव माणसाच्या पायांवर बेतलेलं होतं. त्या एका तासाच्या हिशेबात मी मात्र पाचपट बाहेर.

सासूबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक तास? आमच्यात तर सहा महिने असायचे."

आमचे आप्पा, माझे सासरे, तरुणपणीच लालबागच्या गिरणीत लागले. गाळ्यात दहाबारा माणसं, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. घरी यायचं गणपतीला आणि शिमग्याला. त्यांच्या आधीची माणसं धरमतरच्या बोटीने मुंबई गाठायची. आप्पांच्या वेळी एसटी होती, म्हणून फरक इतकाच की प्रवासाला दिवस कमी लागायचा, रजा मात्र तेवढीच. त्या काळी कामाला जाणं म्हणजे राहायला जाणं. शिकायला जाणंसुद्धा. चिंतामणराव देशमुखांचं लहानपण रोह्यात गेलं. पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले, 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. गावाला त्यांचा अभिमान आहे. पण संध्याकाळी घरी परत येणारा मुलगा म्हणून त्यांना गावाने किती थोडी वर्षं पाहिलं असेल, असं मला अलीकडे वाटतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिने वाट पाहून आप्पा वळकटी घेऊन परत आले आणि मग धाटावच्या औद्योगिक वसाहतीत लागले. सायकलवर डबा लावून जायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी असायचे. सासूबाई म्हणतात, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर त्यांना कळलं की आप्पांना गरम भातावर तूप लागतं आणि वरण नंतर. 1986 साली आपट्याहून रोह्यापर्यंत रूळ आले. पुढे कोकण रेल्वेचे किलोमीटरही रोह्यापासूनच मोजायला सुरुवात झाली. आप्पांना मात्र कामासाठी त्या गाडीत कधी बसावं लागलं नाही.

म्हणून सासूबाईंचा हिशेब वेगळा आहे. "रोज रात्री जे माणूस घरी येतं ते लांब कसलं?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी पाच तास मोजत होते आणि त्या चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांसमोर माझे पाच तास काढून ठेवायची मला लाज वाटायची. पण हेही खरं, की दुसऱ्याने त्याहून जास्त सोसलं म्हणून आपला गुडघा दुखायचा थांबत नाही. सुकलेले तांदूळ काही डोळ्यांपुढून जाईनात.

तोडगा ह्यांनी काढला. ह्यांची नोकरी आप्पांसारखीच धाटावला. मुलगी पुण्याला शिकते. "पेणला राहून बघू," हे म्हणाले. "तुला तिकडे निम्मं, मला इकडे निम्मं." पेण खरंच मध्यावर. माझा घर ते टेबल प्रवास सव्वा तासावर येत होता, आणि ह्यांच्या वाट्याला तेवढाच नव्याने जात होता. दहा मिनिटांत कंपनीत पोहोचणाऱ्या माणसाने तो आपणहून मागून घेतला. ही गोष्ट मी विसरणार नाही. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. अकरा महिन्यांचा करार, 1 डिसेंबरपासून. सासूबाईंना चल म्हटलं. त्यांनी देवघराकडे पाहिलं, मागच्या अंगणातल्या अबोलीकडे पाहिलं. "मी इथेच. तुम्ही शनिवारी या."

सकाळी आम्ही दोघं एकदम घराबाहेर पडायचो. स्टेशनात शिरल्यावर हे एका फलाटावर, मी समोरच्या. मध्ये रूळ. मी पनवेलच्या दिशेला तोंड करून, हे रोह्याच्या. ज्याची गाडी आधी येई त्याने हात करायचा. धुकं असलं की हात दिसत नसे, नुसता निळा स्वेटर. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना असं लांबून, उभं राहून, पाहिलं नव्हतं.

पेणला आल्यावर पहिले दोन महिने माझा विरस झाला. मनात चित्र होतं की आता उजेडी घरी जाऊ, देवापुढे दिवा आपल्या हातानं लावू. चार वर्षांत शनिवार-रविवार सोडून मी माझ्या घरातली तिन्हीसांज पाहिली नव्हती. पण डिसेंबरात पनवेल सोडतानाच बाहेर दिवे लागलेले. पेणला उतरले की तोच अंधार, फक्त तासाभराने आधीचा. पैसे भरून, म्हाताऱ्या बाईला एकटं ठेवून आपण काय मिळवलं, असं वाटायचं.

मग अंधार मागे सरू लागला, स्टेशनागणिक. माघाच्या सुमाराला दिवे आपट्याला लागू लागले. पाडव्याला हमरापूर. आणि चैत्र संपता संपता एक दिवस मी पेणच्या फलाटावर उतरले तर आभाळ अजून केशरी होतं. आमच्या भागात नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे. हा सव्वा तास मला पंचेचाळीस वर्षं माहीत होता, तो माझ्या कामाचा आहे हे पहिल्यांदा कळलं. रस्त्यानं मुलं खेळत होती. बायका पोह्याच्या पापडांच्या चटया अंगणातून उचलून आत नेत होत्या. मी घाईघाईने चालत नव्हते. कशाला, तर तो उजेड लवकर संपू नये म्हणून. घरी येऊन निरांजन लावलं. हात जोडले आणि मागायचं काही सुचलं नाही.

तेव्हापासून मला वाटतं की प्रवास किती लांबचा सोसावा याचं माप तासांत नसावं. आपल्या घरची दिवेलागण वर्षातून किती दिवस आपल्याला दिसते, यात ते असावं. रोह्याहून एकही नाही. पेणहून वर्षातले काही महिने. पेणच्या वाटेवर जागांच्या जाहिरातींचे मोठे फलक आहेत, त्यांवर सगळी अंतरं मिनिटांत लिहिलेली असतात. अटल सेतू झाल्यापासून ती मिनिटं आणखी कमी झाली. या फलकांवर ऋतू नसतात.

हे माप माझं एकटीचं नाही, ते मला जूनमध्ये कळलं. मृगाच्या पहिल्या पावसानंतर सकाळच्या गाडीत ठाकरवाडीतल्या बायका रानभाज्या घेऊन चढू लागल्या. शेवळांच्या जुड्या, सोबत काकडं, कुडाच्या शेंगा, नंतर टाकळा आणि भारंगी. एक म्हातारी माझ्या पायाशी भारा ठेवून बसायची. पनवेलच्या बाजारात विकायची. मी विचारलं, लांब पडतं का हो रोज? ती म्हणाली, "गारीचा काय नाय बाय. गारी बसल्या जागी नेते. उतरल्याव वारीवर चराचा हाय, तो खरा." स्टेशनपासून वाडी तासाभराच्या चढावर, वाट ओढ्यातून. पावसाळ्यात काळोख पडला की तिथे पाय टाकता येत नाही, जनावर असतं. म्हणून तिला दुपारचीच गाडी धरावी लागते. आणि म्हणून दुपार कलली की ती जुडी निम्म्या भावाला देऊन टाकते. संध्याकाळी ऑफिसातून सुटलेल्या बायका बाजारात येतात, भाव चांगला मिळतो, ते तिलाही ठाऊक आहे. पण तोवर थांबली तर उजेड जातो.

मी बरीच वर्षं पनवेलला दुपारच्या भाजीला स्वस्त म्हणत आले. घासाघीसही केली आहे. ती स्वस्ताई म्हणजे कुणाच्या तरी वाटेवरचा उजेड होता, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. आता ती सांगेल तो भाव मी देते. त्याने तिची वाट उतरणीची होत नाही.

आता गणपती होऊन गेले. हमरापूरचे कारखाने रिकामे आहेत, रंगांचे डबे पालथे. अंधार पुन्हा पुढे येतो आहे. परवा दिवे जित्याच्या पुढे लागले, उद्या जित्याला लागतील. पेणच्या घरी हे माझ्या आधी पोहोचतात आणि भात लावतात. आमचं नागोठणं आता जिते आहे. ह्यांचा भात सुरुवातीला गचका व्हायचा, आता मोकळा होतो. ह्यांचे मात्र पाय सुजू लागले आहेत. फलाटावर उभं राहून, आणि गाडी चुकली की मोटरसायकलने महामार्गाच्या खड्ड्यांतून. मला वाचलेला वेळ कुठून तरी आला आहे, तो ह्यांच्या पायांतून आणि सासूबाईंच्या संध्याकाळीतून. शनिवारी आम्ही रोह्याला जातो तेव्हा त्या दोन दिवसांचं बोलणं साठवून बसलेल्या असतात असं नाही. आठवड्याचं बोलणं त्यांनी अबोलीशी बोलून संपवलेलं असतं. आम्ही गेलो की त्या नुसत्या बघत राहतात.

करार 31 ऑक्टोबरला संपतो. घरमालक भले आहेत, वाढवून द्यायला तयार आहेत. हे म्हणतात तू ठरव. सासूबाई काही म्हणत नाहीत.

पण त्यांचा फोन अजूनही येतो, रोज, मी पनवेलहून गाडीत बसले की. "कुठवर आलीस?" मला वाटायचं सवयीनं विचारतात. परवा फोनवर मागे खुडबुड ऐकू आली म्हणून विचारलं, काय करताय? तर म्हणाल्या, "तांदूळ धुतेय. तू पेणला उतरलीस म्हण, मग टाकते."

वाटीभर तांदूळ, एका माणसाचे. ते त्या अजून माझ्या गाडीवर शिजवतात.